हलणारी दाढ आणि न दुखणारी दाढ : एरंडवण्यातील हिरडीतज्ज्ञांच्या दवाखान्याचा दीड वर्षाचा अनुभव

एरंडवण्यात, नळ स्टॉपच्या मेट्रो स्थानकापासून चालत सात-आठ मिनिटांवर असलेल्या या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेले ती जुलै २०२४ मध्ये, उजवीकडची खालची दाढ हलते म्हणून. ही दाढ माझी मूळची नव्हे. २०१७ मध्ये घराजवळच्या दुसऱ्या एका दवाखान्यात मी खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना एकेक इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर दाताच्या आकाराची कॅप, बसवून घेतले होते आणि त्यातले उजवे आता मऊ पोळी चावतानाही लुकलुकू लागले होते. इम्प्लांट गेले, ते काढावे लागणार आणि पुन्हा चाळीस-पन्नास हजारांचा खर्च येणार, अशी मनाची तयारी करूनच मी जिना चढले. प्रत्यक्षात उजवी दाढ अर्ध्या तासात हलायची थांबली आणि जिच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नव्हती, त्या डावीकडच्या इम्प्लांटभोवतीचे चार मिलिमीटर हाड नाहीसे झाल्याचे त्याच दिवशी कळले. ते डावे इम्प्लांट आज माझ्या तोंडात टिकून आहे ते या दवाखान्यामुळे, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. ज्यांच्या तोंडात इम्प्लांट आहे आणि ते ‘काही त्रास देत नाही’, त्यांनी तो वाचावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पहिल्या तपासणीला पाऊण तास लागला. डॉक्टर मॅडम हिरड्यांच्या तज्ज्ञ, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट आहेत. त्यांनी हलणाऱ्या दाढेकडे लगेच वळण्याऐवजी आधी मधुमेह, रक्तदाब, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शने, तंबाखू, मिश्री असे सगळे विचारून लिहून घेतले. मूळचे दात कशामुळे काढावे लागले होते, हा प्रश्नही विचारला. माझे दात किडून नव्हे, तर हिरड्या खराब होऊन हलायला लागल्यामुळे काढले होते. हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, “काकू, मग मला फक्त उजवी बाजू बघून चालणार नाही.” हिरड्यांच्या आजारामुळे ज्यांचे दात गेले आहेत, त्यांच्या इम्प्लांटभोवतीही तोच आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजले. सात वर्षांपूर्वी इम्प्लांट बसवताना हे कोणीही सांगितले नव्हते.

त्यानंतर त्यांनी मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई घेतली आणि प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी, अगदी हलक्या हाताने, हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीची खोली मोजली. त्या आकडे मोठ्याने म्हणत होत्या आणि मदतनीस मुलगी ते लिहून घेत होती. उजव्या इम्प्लांटपाशी “तीन, दोन, तीन, तीन, तीन, तीन” असे आकडे आले. डावीकडे आल्यावर “सहा, आठ, सात” असे आले, आणि त्यापुढे “रक्त” आणि “पू” हे दोन शब्द. मला दुखले नव्हते, म्हणून मी बुचकळ्यात पडले. मग त्यांनी माझ्या हातात आरसा दिला, गालाच्या बाजूने त्या हिरडीवर बोटाचे टोक ठेवून हळूच वर दाबले आणि कॅपच्या कडेपाशी साबुदाण्याच्या दाण्याएवढा पिवळट पांढरा थेंब वर आला. तो थेंब माझ्या तोंडात किती महिने तयार होत होता कोण जाणे. अधूनमधून तोंडाला वास येतो असे यजमान म्हणाले होते, तेव्हा मी पोट साफ नसेल म्हणून ओवा खाल्ला होता.

एक्स-रे काढतानाची त्यांची काटेकोर पद्धत मला विशेष आवडली. पहिला एक्स-रे काढून झाल्यावर त्यांनी तो रद्द केला आणि सेन्सर पुन्हा नीट धरून दुसरा काढला, कारण पहिल्यात इम्प्लांटच्या स्क्रूचे आटे धूसर दिसत होते. आटे दोन्ही बाजूंना करवतीच्या दातांसारखे स्पष्ट दिसले तरच यंत्र सरळ रेषेत होते असे समजायचे, नाहीतर हाडाची पातळी चुकीची वाचली जाते, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या एक्स-रेमध्ये मलाही दिसले, इतके ते स्पष्ट होते : उजव्या इम्प्लांटभोवती हाड वरच्या आट्यापर्यंत भरलेले होते, तर डावीकडे इम्प्लांटच्या दोन्ही अंगांना बशीसारखा खोलगट काळा भाग होता आणि पाच आटे हाडाबाहेर उघडे पडले होते.

इथे थोडे समजावून सांगितले पाहिजे, कारण मलाही ते समजल्यावरच पुढचे उपचार पटले. नैसर्गिक दाताचे मूळ हाडात थेट रोवलेले नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो आणि हिरडीतलेही तंतू मुळात घट्ट रुतलेले असतात. इम्प्लांटला यातले काहीच नसते. टायटॅनियमच्या पृष्ठभागाला हाड थेट चिकटते आणि हिरडीचे तंतू त्याला समांतर, गळ्याभोवती पट्टा असावा तसे असतात, त्यात रुतलेले नसतात. त्यामुळे कडेला साचलेल्या जंतूंच्या थराने हिरडीला सूज आली की ती हाडापर्यंत लवकर पोहोचते. सूज हिरडीपुरतीच असेल, हाड शाबूत असेल, तर त्याला म्युकोसायटिस म्हणतात आणि ती स्वच्छतेने पूर्ण बरी होऊ शकते. हाड झिजू लागले की तोच आजार पेरि-इम्प्लांटायटिस होतो, आणि गेलेले हाड केवळ स्वच्छतेने परत येत नाही. या दोन अवस्थांमध्ये रुग्णाला जाणवणारा फरक फार थोडा असतो, दुखणे तर बहुधा दोन्हींत नसते, म्हणूनच मोजमाप करावे लागते. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या आजारांची जी वर्गवारी ठरली, तिच्यानुसार जुनी नोंद उपलब्ध नसेल तर रक्त किंवा पू येणे, फटीची खोली ६ मिलिमीटर किंवा अधिक असणे आणि हाडाची पातळी किमान ३ मिलिमीटर खाली गेलेली असणे, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्यावर पेरि-इम्प्लांटायटिसचे निदान करतात. माझ्या डाव्या इम्प्लांटमध्ये तिन्ही होत्या.

जुनी नोंद का नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते. इम्प्लांटवर कॅप बसवल्यावर एक एक्स-रे आणि त्यानंतर वर्षभराने दुसरा, असे दोन एक्स-रे आणि सुरुवातीची मोजमापे जपून ठेवली तर पुढे काय बिघडले ते ताडून पाहता येते. मी जिथे इम्प्लांट बसवले त्या दवाखान्याने मला फक्त पैशांची पावती दिली होती. इम्प्लांट कोणत्या कंपनीचे, किती जाडीचे, किती लांबीचे, यातले काहीच लिहून दिले नव्हते, आणि वर्षातून एकदा दाखवायला या असेही सांगितले नव्हते. २०२२ मध्ये डावीकडे ब्रश करताना रक्त येते म्हणून मी तिथे गेले, तेव्हा “ब्रश जोरात करत असाल” असे म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. मोजमाप झाले नाही, एक्स-रे झाला नाही. गोळ्यांनी रक्त थांबले, मला वाटले बरे झाले. या दवाखान्यात समजले की जंतूंचा थर पृष्ठभागाला चिकटून राहतो, तो प्रत्यक्ष खरवडून काढल्याशिवाय नुसत्या गोळ्यांनी जात नाही. गोळ्यांनी काही दिवस सूज उतरते आणि रुग्ण निर्धास्त होतो. ती दोन वर्षे वाया गेली नसती तर कदाचित शस्त्रक्रियेची वेळ आली नसती. त्या जुन्या दवाखान्यात मी पुन्हा दोन हेलपाटे घातले, तेव्हा त्यांच्या नोंदवहीत चिकटवलेले कंपनीचे स्टिकर सापडले आणि त्यांनी त्याचा फोटो काढू दिला, एवढे मात्र त्यांच्या बाजूने नमूद करते.

आता उजव्या दाढेचे. ती कॅप स्क्रूने बसवलेली होती. डॉक्टरांनी दोन उपकरणांच्या दांड्यांमध्ये ती धरून हलवली, एक्स-रे पुन्हा पाहिला आणि सांगितले की हलते आहे ती कॅप, इम्प्लांट नव्हे. कॅपच्या माथ्यावरचे दाताच्या रंगाचे सिमेंट आणि त्याखालची टेफ्लॉनची पट्टी काढल्यावर आतला बारीक स्क्रू दिसला. तो सैल झाला होता. त्यांनी कॅप उतरवून स्वच्छ केली, स्क्रू त्या दिवसापुरता हाताने बसवला आणि कंपनीचे नाव कळल्यावर, दहा दिवसांनी, त्याच कंपनीचा नवा स्क्रू टॉर्कच्या पान्याने ३० न्यूटन सेंटिमीटर इतका मोजून आवळला. दहा मिनिटे थांबून तो पुन्हा एकदा तेवढाच आवळला. चावताना त्या कॅपवर इतर दातांच्या आधी भार येत होता, म्हणून रंगीत कागद चावायला लावून उंच ठिपका किंचित घासला. एवढ्यावर ते काम संपले. कॅप हलणे आणि इम्प्लांट हलणे या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्याला तपासून सांगता येत नाही, त्याने चांगले इम्प्लांट काढून टाकण्याचा सल्ला दिला तरी रुग्णाला ते कळणार नाही.

नेमका याच्या उलट प्रकार माझ्या मोठ्या दिरांच्या बाबतीत झाला, तो इथेच सांगते. माझे पाहून भाऊजी डिसेंबरमध्ये याच डॉक्टरांकडे गेले. त्यांचे इम्प्लांट चार महिन्यांपूर्वी अन्यत्र बसवलेले, कॅप बसवायची बाकी होती, आणि दाबले की दुखत होते. त्यांच्या एक्स-रेमध्ये इम्प्लांटभोवती सलग बारीक काळी रेघ होती. हाड चिकटलेच नव्हते. इम्प्लांटच हलत असेल तर ते वाचवण्याचा प्रश्न उरत नाही, असे डॉक्टरांनी पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट सांगितले आणि भूल देऊन ते उलटे फिरवले, तर हातानेच काही फेऱ्यांत बाहेर आले. भाऊजी दिवसाला आठ-दहा सिगारेट ओढतात. त्यांनी लगेच नवे बसवून मागितले, पण डॉक्टरांनी नकार दिला : जखम भरायला किमान तीन महिने जाऊ द्या, तोवर सिगारेट सोडा, आणि एकदा अपयश आलेल्या जागी दुसरे इम्प्लांट टिकण्याची शक्यता पहिल्यापेक्षा कमी असते हे लक्षात ठेवून ब्रिजचाही, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या दाताचाही, विचार करा. समोर आलेला चाळीस हजारांचा व्यवहार नाकारणारा दवाखाना मी याआधी पाहिलेला नाही.

माझ्या डाव्या इम्प्लांटवरचे उपचार दोन टप्प्यांत झाले. ते काढणे हाही एक पर्याय होता, आणि तो त्यांनी झाकून ठेवला नाही. ११.५ मिलिमीटर लांबीच्या इम्प्लांटचे सात मिलिमीटरहून अधिक हाडात पक्के आहे, ते हलत नाही, म्हणून प्रयत्न करण्यासारखे आहे. यश येईलच असे नाही. आणि आधी साखर खाली आणल्याशिवाय मी चाकू लावणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा माझे एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, ८.१ होते. त्यांनी माझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांना स्वतः चिठ्ठी लिहून दिली.

पहिल्या टप्प्यात शस्त्रक्रिया नव्हती. डावी कॅप सिमेंटने चिकटवलेली असल्यामुळे ती सहज निघत नव्हती; डॉक्टरांनी तिच्या माथ्यावर नेमक्या जागी बारीक भोक पाडून आतल्या स्क्रूपर्यंत वाट केली आणि कॅप न मोडता बाहेर काढली. बाहेर आल्यावर त्यांनी ती उलटी करून मला दाखवली. हिरडीच्या खाली राहणाऱ्या कडेला, तांदळाच्या कणीएवढा, करड्या रंगाचा खडबडीत तुकडा चिकटलेला होता. ते २०१७ चे सिमेंट होते. कॅप चिकटवताना बाहेर ओघळलेले जादा सिमेंट पूर्ण काढले गेले नाही तर ते हिरडीखाली खड्यासारखे राहते, त्याच्यावर जंतूंचा थर चढतो आणि तिथे ब्रश कधीच पोहोचत नाही. कित्येक सिमेंटे एक्स-रेमध्ये नीट दिसतही नाहीत. ती कणी त्यांनी कापसावर ठेवली तेव्हा मला रागापेक्षा हळहळच जास्त वाटली. सात वर्षांची झीज एवढ्याशा वस्तूपासून सुरू झाली असावी, हे पचनी पडायला वेळ लागला. अर्थात डॉक्टरांनी सगळा दोष त्या कणीवर टाकला नाही. वाढलेली साखर, हिरड्यांचा जुना आजार आणि कॅपचा फुगीर आकार, ज्याच्याखाली मला साफच करता येत नव्हते, हीही कारणे त्यांनी मोजून सांगितली.

त्यानंतर इम्प्लांटचा उघडा भाग त्यांनी प्लास्टिकचे टोक लावलेल्या अल्ट्रासोनिक यंत्राने आणि बारीक पावडरीच्या फवाऱ्याने स्वच्छ केला. नेहमीच्या स्केलिंगचे पोलादी टोक इम्प्लांटवर चालवल्यास पृष्ठभागावर ओरखडे पडू शकतात, म्हणून ही वेगळी साधने. कॅपचा आकार बदलून खाली ब्रश जाईल अशी जागा केली. मग मदतनीस मुलीने मला वीस मिनिटे शिकवले : दोन दातांमधला बारीक ब्रश कोणत्या जाडीचा घ्यायचा, तो इम्प्लांटच्या गालाकडून आणि जिभेकडून असा दोन्ही बाजूंनी कसा घालायचा, आणि रक्त आले तरी घाबरून थांबायचे कसे नाही. तिने तीन जाडीचे ब्रश घालून पाहिले आणि जो थोडासा अडकत आत गेला तोच माझा, असे ठरवले. हा भाग इतर दवाखान्यांत एका वाक्यात उरकतात. इथे पुढच्या भेटीत माझ्याकडून करून घेतला, चुकले तिथे पुन्हा दाखवला, तेव्हाच सोडले.

आठ आठवड्यांनी पुन्हा सहाच्या सहा ठिकाणी मोजले. पू थांबला होता, आठची खोली सहावर आली होती, पण दोन ठिकाणी अजून रक्त येत होते. एवढ्यावर समाधान मानायचे का, असे मी विचारले, कारण मला बरे वाटत होते. त्यांनी सांगितले की बशीसारख्या त्या खळग्याच्या तळाशी बाहेरून काहीच पोहोचत नाही आणि रक्त येते आहे तोवर आजार चालू आहे. एचबीएवनसी ७.२ वर आले होते. म्हणून ऑक्टोबरच्या मध्यात शस्त्रक्रिया ठरली.

तिच्याआधी त्यांनी जी चर्चा केली तिचा उल्लेख मुद्दाम करते. खळग्यात भरायची हाडाची पावडर तीन प्रकारची मिळते : मानवी देणगीतून आलेली, गाय किंवा डुक्कर अशा प्राण्यांच्या हाडापासून केलेली आणि कृत्रिम. झाकायचे पडदेही बहुधा प्राण्यांपासूनच बनवलेले असतात. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत आणि सासूबाई घरात आहेत. हा प्रश्न मला कोणी विचारलाच नसता तर मला सुचलाही नसता. त्यांनी तो आपणहून विचारला, प्रत्येक प्रकाराचे बरेवाईट सांगितले आणि निर्णय माझ्यावर सोडला. मी कृत्रिम पावडर निवडली, आणि वरून झाकायला दंडातून काढलेले माझेच रक्त यंत्रात फिरवून त्याची पातळ पडदी केली. पावडर घातली म्हणजे हाड पूर्ववत होईल अशी आशा धरू नका, खळगा चारही बाजूंनी बंदिस्त असल्यामुळे काही भाग भरेल, मुख्य काम पृष्ठभाग स्वच्छ होण्याचे आहे, हेही त्यांनी दोनदा बजावले.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया सव्वा तास चालली. जागेवर भूल दिली होती. दुखले नाही, पण हिरडी उघडल्यावर ब्रशचा घरघराट जबड्यात घुमत होता तो मला आठवतो. इम्प्लांटभोवतीचा सुजलेला लाल मांसल भाग काढून, टायटॅनियमच्या तारांच्या फिरत्या ब्रशने आटे घासून, सलाइनने पुन्हा पुन्हा धुऊन मग पावडर भरली आणि टाके घातले. त्या रात्री गालाला सूज आली, ती तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त होती आणि सहाव्या दिवशी उतरली. दोन आठवडे ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनच्या पाण्याने दिवसातून दोनदा चूळ भरायची होती. त्याने जिभेची चव गेली आणि दातांवर तपकिरी डाग आले, पण डाग नंतर साफ करून मिळाले. चौदाव्या दिवशी टाके काढले तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. घरात चकलीचा घाणा निघत असताना मी ताकभात खात होते, एवढे सोसावे लागले.

तक्रारी आहेत, त्याही लिहिते. वेळ ठरवून गेले तरी सरासरी चाळीस मिनिटे थांबावे लागते, आणि बसायला जागा फक्त सहा जणांची आहे. दवाखाना पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी फोन करून विचारावे. गाडी लावायला जागा मिळत नाही, मेट्रोने किंवा रिक्षाने जाणे सोपे. शस्त्रक्रियेचा अंदाज २८,००० रुपये सांगितला होता, त्यात पावडरीचे ७,००० धरलेले नव्हते आणि ते मला आदल्या दिवशी कळले. मी नाराजी सांगितली, तेव्हा त्यांनी चूक मान्य केली आणि आता लेखी अंदाजात ती रक्कम वेगळी दाखवतात असे भाऊजींच्या कागदावर पाहिले. शस्त्रक्रियेनंतरच्या सूचनांचा कागद केवळ इंग्रजीत होता. माझे चालून गेले. पण त्याच दिवशी सासवडहून आलेल्या एका आजींना तो कागद नातवाने वाचून दाखवावा लागला. मी मराठी कागदाची मागणी केली, आणि पुढच्या खेपेला तो तयार होता. मराठी चांगली आहे, ‘भूल उतरेपर्यंत गाल चावला जाणार नाही याची काळजी घ्या’ अशी, बोलल्यासारखी.

खर्चाचा हिशेब मांडायचा तर पहिली तपासणी ५०० रुपये, दोन एक्स-रे ६००, पहिला टप्पा ६,०००, शस्त्रक्रिया पावडरीसह ३५,००० आणि दर चार महिन्यांनी देखभालीची स्वच्छता १,८०० रुपये. नव्या इम्प्लांटच्या खर्चापेक्षा हे फार कमी नाही, आणि ज्याचे हाड अर्ध्याहून जास्त गेले आहे त्याने एवढा खर्च करून ते वाचवत बसावे का, याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे येईल. इम्प्लांट किती वर्षे टिकते असे मी एकदा डॉक्टरांना विचारले होते. स्वीडनमध्ये संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये ज्या पहिल्या रुग्णाला टायटॅनियमची इम्प्लांट बसवली, त्याला ती चाळीस वर्षांहून अधिक काळ पुरली, हे त्यांनी सांगितले, आणि लगेच माझ्या कागदावरच्या आकड्यांवर बोट ठेवून “तुमचे हे आकडे काय म्हणतात तेवढेच मी सांगू शकते” असेही म्हणाल्या.

ते आकडे असे आहेत. शस्त्रक्रियेला ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्ष झाले तेव्हा डाव्या इम्प्लांटभोवती चार, चार, तीन. तीन, चार, तीन. पू नाही. जिभेच्या बाजूला एका ठिकाणी रक्ताचा ठिपका आला, तिथला बारीक ब्रश एका मापाने मोठा करून दिला आहे. एक्स-रेमध्ये खळगा साधारण दीड मिलिमीटर भरलेला दिसतो, बाकीचे हाड गेले ते गेलेच. डॉक्टर याला ‘बरे झाले’ म्हणत नाहीत, ‘थांबले’ म्हणतात, आणि चार महिन्यांची भेट चुकवू नका असे दर वेळी सांगतात. त्यांनी दोन्ही इम्प्लांटचे एक कार्ड करून दिले आहे : कंपनी, जाडी, लांबी, नव्या स्क्रूची तारीख, आणि दर भेटीतले सहा-सहा आकडे. ते मी आधार कार्डाच्या शेजारी पर्समध्ये ठेवते. पुढच्या भेटीसाठी त्यावर एक ओळ मोकळी आहे.